आम्ही रटगर्सवाले

मंडळाच्या कोजागिरीला मुलांच्या कॉलेजचा विषय निघाला, की आवाजाच्या पट्टीवरून कॉलेज ओळखता येतं. प्रिन्स्टन किंवा कोलंबिया असेल तर ते पलीकडच्या टेबलावरही ऐकू जातं. रटगर्स असेल तर आधी एक छोटासा खुलासा येतो. "तसं ॲडमिशन दुसरीकडेही मिळालं होतं, पण म्हटलं घराजवळ बरं, शिवाय फी इन-स्टेट..." या खुलाशाला आम्ही सरावलो आहोत, कारण आमची सगळीच मुलं रटगर्सची. पण आम्ही तेवढ्यावर थांबत नाही. आम्ही रटगर्सच्या बास्केटबॉल संघाचे चाहते आहोत, हेही सांगून टाकतो. मग समोरच्याच्या चेहऱ्यावर जी सहानुभूती उमटते ती पाहण्यासारखी असते. घरात कुणी दीर्घ आजारी आहे असं सांगितल्यासारखी.

आम्ही म्हणजे मूळची तीन घरं. एक एडिसनचं, एक पिस्कॅटवेचं, एक ईस्ट ब्रन्सविकचं. तिघंही नव्वदीच्या दशकात कॉम्प्युटरच्या लाटेत इकडे आलो. शाळेत असताना खो-खो, कबड्डी, क्रिकेट एवढंच माहीत. बास्केटबॉल म्हणजे कॉन्व्हेंटच्या मुलांचा खेळ, किंवा मुंबईत नागपाड्याच्या पोरांचा. इथे आल्यावर मुलांना सोडायला-आणायला म्हणून पिस्कॅटवेच्या कॅम्पसवर फेऱ्या सुरू झाल्या, मुलांनी एकदा हट्टाने मॅचला नेलं, आणि मुलं पदवी घेऊन निघून गेली तरी आम्ही जातोच आहोत. आता मुलंच फोनवर विचारतात, "बाबा, अजून जाता?"

खरं तर आमच्यातल्या दोन घरांना हरणाऱ्या संघाची सवय जुनीच होती. आम्ही पुण्याचे. महाराष्ट्राच्या रणजी संघाने १९३९-४० आणि १९४०-४१ अशी लागोपाठ दोनदा रणजी जिंकली, त्यानंतर नाही. १९७०-७१ च्या अंतिम सामन्यात तर मुंबईचे गावसकर, वाडेकर, सरदेसाई सगळे वेस्ट इंडीजच्या दौऱ्यावर होते. आता नाही तर कधी, असं अख्खं पुणे म्हणत होतं. तरी मुंबईच्या उरलेल्या संघाने सुधीर नाईकच्या नेतृत्वाखाली आम्हाला ४८ धावांनी हरवलं. ज्यांच्या घरात ही गोष्ट वडिलांनी जेवताना पन्नासदा सांगितली आहे, त्यांना न्यू जर्सीत आल्यावर रटगर्स परकं वाटलंच नाही. (आमच्यातलं तिसरं घर दादरचं. त्यांना हे अजून कळत नाही.)

ज्यांना कॉलेज बास्केटबॉलची फारशी माहिती नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. वर्षभराच्या हंगामानंतर मार्चमध्ये देशभरातल्या साडेतीनशेहून अधिक संघांतून ६८ निवडले जातात. त्यांची बाद पद्धतीने स्पर्धा होते, तीच मार्च मॅडनेस. ऑफिसात जे तक्ते फिरतात आणि ज्यावर आपण पाच-दहा डॉलर लावून हरतो, ते याचेच. निरनिराळ्या गटांचे विजेते आपोआप आत जातात, बाकीचे एक समिती निवडते. चांगल्या संघाच्या चाहत्यांना या स्पर्धेत किती पुढे जाणार याची काळजी असते. आमच्यासारख्यांना एवढंच हवं असतं, की त्या रविवारी संध्याकाळी टीव्हीवर यादी वाचतील तेव्हा आपलं नाव यावं. दहावीच्या निकालाच्या वेळी फळ्यावर नंबर शोधायचो, तसं.

हे नाव १९९१ नंतर तीस वर्षं आलं नाही.

आधी मात्र आलं होतं, आणि कसं! १९७५-७६ च्या हंगामात रटगर्स एकही सामना हरलं नाही. फिल सेलर्स, माइक डॅबनी, एडी जॉर्डन यांचा तो संघ ओळीने ३१ सामने जिंकून शेवटच्या चारांत पोचला. त्यावेळी सामने न्यू ब्रन्सविकच्या जुन्या कॉलेज अव्हेन्यू जिममध्ये व्हायचे. प्रेक्षकांच्या आवाजाने छताच्या रंगाचे पोपडे खाली पडायचे असं जुनी मंडळी सांगतात. आमच्या पुढच्या रांगेत बसणारे एक इटालियन आजोबा तर ते पोपडे स्वतःच्या डोक्यावर पडल्याचं सांगायचे. उपांत्य फेरीत मिशिगनने ८६-७० असं हरवलं, मग तिसऱ्या क्रमांकाच्या सामन्यात यूसीएलएने. त्याच वर्षी इंडियानाचा संघही अपराजित होता, तो शेवटपर्यंत अपराजित राहिला आणि इतिहासात गेला. आमचे ३१-२ कुणाच्या लक्षात नाहीत. आजोबांच्या मात्र होते. ते आम्हाला ही कथा दर मोसमात एकदा सांगायचे, आणि आम्ही त्यांना एकदा १९७०-७१ ची रणजी फायनल समजावून सांगितली. "वाडेकर वॉज नॉट इव्हन देअर?" असं त्यांनी दोनदा विचारलं. माणसाला कळलं होतं!

१९७७ साली पिस्कॅटवेच्या लिव्हिंग्स्टन कॅम्पसवर नवी इमारत झाली. तिला २०२१ पासून एका सँडविचच्या कंपनीचं नाव आहे, पण आम्ही सगळे तिला जुन्या आद्याक्षरांवरून 'रॅक'च म्हणतो. आपल्याकडे रॅक म्हणजे भांड्यांची, आणि आवाजही तसाच. भिंती खालून वर तिरक्या गेलेल्या, जेमतेम आठ हजार माणसं मावतात, त्यामुळे ओरडलेलं बाहेर जात नाही, फिरून आपल्याच कानात येतं. भांड्यांच्या रॅकवरून परात पडावी आणि ती दोन तास पडतच राहावी, असं काहीसं. मोठमोठ्या संघांचे खेळाडू इथे येऊन गोंधळतात. आमच्या संघाचं निम्मं बळ या इमारतीत आहे असं आमचं मत आहे. म्हणून तर तो बाहेरगावी गेला की बहुतेक वेळा हरतो.

मधल्या तीस वर्षांचं सगळं सांगत बसत नाही. काही गोष्टी सांगण्याजोग्या आहेत, काही विसरण्याजोग्या. २००४ साली त्यांच्यातली दुय्यम स्पर्धा, एनआयटी, तिच्या अंतिम सामन्यापर्यंत मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये पोचलो आणि हरलो. पुन्हा मिशिगनच. २०११ मध्ये त्याच मैदानावर सेंट जॉन्सविरुद्ध दोन गुणांनी मागे असताना १.७ सेकंद बाकी होते. सेंट जॉन्सच्या खेळाडूने रेषेबाहेर पाय टाकला, चेंडू प्रेक्षकांत भिरकावला, घड्याळ चालू होतं, आणि पंच शिट्टी न वाजवता आत निघून गेले. नंतर चूक झाल्याचं गटाच्या अधिकाऱ्यांनी कबूल केलं. त्या पंचांनी स्पर्धेतल्या पुढच्या सामन्यांतून अंगही काढून घेतलं. निकाल काही बदलला नाही. १.७ सेकंदांत आम्ही काय दिवे लावले असते कोण जाणे, पण लावू तर द्यायचे होते!

त्याहून वाईट २०१३. सरावाच्या वेळी प्रशिक्षक मुलांच्या अंगावर चेंडू फेकतोय, शिवीगाळ करतोय, अशी चित्रफीत टीव्हीवर आली आणि त्याला काढावं लागलं. त्या आठवड्यात ऑफिसात रटगर्सचं नाव सगळ्यांच्या तोंडी होतं, आणि आम्ही पहिल्यांदाच मान खाली घातली. सामना हरण्यात लाज नसते. दुसऱ्याचं मूल आपल्या भरवशावर असताना त्याच्या अंगावर चेंडू फेकायचा, यात असते. पुढे १९७६ च्या संघातला एडी जॉर्डन प्रशिक्षक म्हणून परत आला. वाटलं, घरचा माणूस आहे, सावरेल. पण २०१४ मध्ये आम्ही बिग टेन गटात शिरलो होतो. हे म्हणजे गल्लीतल्या मुलाला एकदम शिवाजी पार्कवर उभं करण्यासारखं. (बिग टेनमध्ये त्यावेळी चौदा संघ होते. आता अठरा आहेत. नाव तेच.) २०१५-१६ मध्ये सात सामने जिंकलो आणि पंचवीस हरलो, गटातल्या अठरांपैकी फक्त एक जिंकला. आमची मुलगी त्याच वर्षी पदवीधर झाली. चार वर्षांत तिने किती विजय पाहिले हे आम्ही मोजलं नाही. फी मात्र मोजली होती.

याच काळात, याच इमारतीत, एक जिंकणारा संघही होता हे सांगायलाच हवं. तो मुलींचा. व्हिव्हियन स्ट्रिंगर १९९५ साली प्रशिक्षक म्हणून आल्या आणि २००० मध्ये मुलींना शेवटच्या चारांत घेऊन गेल्या. २००७ मध्ये हंगामाची सुरुवात दोन विजय आणि चार पराभव अशी केलेला त्यांचा संघ थेट अंतिम सामन्यात पोचला, तिथे टेनेसीकडून हरला. दुसऱ्या दिवशी रेडिओवरच्या एका नावाजलेल्या निवेदकाने या मुलींविषयी, त्यांच्या रंगाविषयी आणि केसांविषयी इतकं घाणेरडं बोलून दाखवलं की शेवटी त्याची नोकरी गेली. त्याआधी त्या अठरा-वीस वर्षांच्या मुलींनी पत्रकारांसमोर बसून एक-एक करून, आवाज न चढवता, आपल्याविषयी सांगितलं. आमच्या घरी त्या संध्याकाळी पोळ्या तव्यावर करपल्या, कारण सगळे टीव्हीसमोर होते. दुकानात, शाळेत आपल्या नावाची, रंगाची टिंगल ऐकून "जाऊ दे" म्हणत घरी येणाऱ्या आपल्या मुलांनी ते पाहावं असं आम्हाला फार वाटलं. तेव्हापासून आम्ही मुलींच्या सामन्यांनाही जातो. आमच्यातल्या काहींचं म्हणणं, आधीपासून जायला हवं होतं. ते खरंच आहे.

पुरुषांकडे २०१६ मध्ये स्टीव्ह पायकेल आले. स्टोनी ब्रूकसारख्या लहान कॉलेजातून आलेला गृहस्थ. त्यांनी मोठी नावं आणली नाहीत, कारण मोठी नावं येत नव्हती. जी मुलं इतरांनी फारशी विचारात घेतली नव्हती, ती आणली. न्यू हॅम्पशायरचा जिओ बेकर, न्यू जर्सीचाच रॉन हार्पर ज्युनियर, आणि माइल्स जॉन्सन नावाचा उंचापुरा मुलगा, जो इंजिनियरिंग शिकत होता. जॉन्सनवर आमच्या बायकांचा विशेष जीव. दौऱ्यावरून रात्री परत येऊन सकाळी लॅबला जातो म्हणजे काय! आक्रमण यथातथाच, पण बचाव असा की समोरच्याला श्वास घेता येऊ नये. एकेक वर्ष थोडं बरं होत गेलं, आणि २०१९-२० मध्ये चमत्कार झाला. रॅकवर १९ सामन्यांपैकी १८ जिंकले. मार्चच्या सुरुवातीला एकूण २० विजय. शेवटचा सामना पर्ड्यूच्या मैदानावर जाऊन जादा वेळेत जिंकला. आता निवड नक्की होती. एकोणतीस वर्षांनी. आम्ही यादी वाचायच्या संध्याकाळसाठी बटाटेवड्यांचा बेतसुद्धा ठरवला होता.

१२ मार्च २०२०, गुरुवार. इंडियानापोलिसला गटाच्या स्पर्धेत मिशिगनशी सामना. दोन्ही संघ मैदानात उतरून सराव करत होते. सामना सुरू व्हायला काही मिनिटं असताना त्यांना आत बोलावून घेतलं. कोव्हिड. दुपारपर्यंत संपूर्ण मार्च मॅडनेस रद्द झाली. यादी वाचलीच गेली नाही.

त्या वर्षी आपल्यातल्या कितीतरी घरांनी यापेक्षा फार मोठं काही गमावलं. भारतात आई-वडील गेले आणि विमानं बंद म्हणून मुलांना शेवटचं दर्शनही मिळालं नाही, अशी उदाहरणं आपल्या मंडळातच आहेत. त्यामुळे बास्केटबॉलचं दुःख बोलून दाखवायची आम्हाला लाज वाटली आणि कुणापुढे बोललोही नाही. पण त्या रविवारी संध्याकाळी सहा वाजता तिन्ही घरांतले फोन एकाच वेळी एंगेज होते. काय बोललो ते आठवत नाही. काही नाही बहुतेक.

पुढच्या वर्षी, २०२१ मध्ये, नाव आलं. सगळी स्पर्धा इंडियानातच, प्रेक्षक थोडे. पहिल्या फेरीत क्लेमसनला ६०-५६ असं हरवलं. या स्पर्धेतला १९८३ नंतरचा पहिला विजय, अडतीस वर्षांनी. मग रविवारी ह्यूस्टन. ह्यूस्टन बलाढ्य, आणि तरी शेवटची पाच मिनिटं राहिली तेव्हा आमचे ५८ आणि त्यांचे ४९. नऊ गुण, पाच मिनिटं! आम्ही कुणीही जागेवरून हललो नाही. ज्याचा पाय जिथे होता तिथेच ठेवला. क्रिकेट पाहिलेल्यांना हे सांगायला नको. त्यानंतर ह्यूस्टनने चौदा गुण केले आणि आम्ही दोन. शेवटच्या सेकंदांत एका गुणाने मागे असताना चेंडू जिओ बेकरच्या हातातून निसटला. ज्याने या संघाला इथवर आणलं त्याच्याच हातातून. ६३-६०. आमच्यातले एक गृहस्थ न बोलता उठून बाहेर गेले आणि अंधारात अंगण झाडू लागले.

जिओ बेकर मात्र पुन्हा एक वर्ष खेळायला आला. आणखी एक गोष्ट त्याच्या खात्यावर लिहून ठेवायला हवी. त्याच स्पर्धेच्या वेळी देशातल्या इतर काही खेळाडूंना घेऊन त्याने आवाज उठवला होता, की आमच्या नावावर सगळे पैसे कमावतात, आम्हाला मात्र आमचंच नाव वापरून एक डॉलर मिळवता येत नाही. हे न्याय्य होतं. त्याच वर्षी जुलैपासून नियम बदलला आणि खेळाडूंना जाहिरातींचे पैसे घेता येऊ लागले. एका कॉलेजातून दुसऱ्यात गेल्यावर एक वर्ष बसून राहायचं बंधनही त्याच वर्षी गेलं. मुलांचं नाव एका यादीत चढतं, तिला 'पोर्टल' म्हणतात, आणि ज्याला हवा तो संघ त्यांना बोलावतो. आमच्यासारख्या संघाची खरी परीक्षा इथून सुरू झाली.

त्याआधी एका रात्रीविषयी लिहितो, नाहीतर वाचकांना वाटेल ही नुसती रडकथा आहे. ९ डिसेंबर २०२१. पर्ड्यूचा संघ त्याच आठवड्यात देशात पहिल्या क्रमांकावर चढला होता, त्यांच्या इतिहासात पहिल्यांदा. आम्ही त्याआधी घरच्या मैदानावर लाफायेतसारख्या छोट्या कॉलेजकडूनही हरलो होतो. थंडी मरणाची, निम्मी मंडळी येतच नव्हती. सामना संपायला तीन-साडेतीन सेकंद असताना पर्ड्यू एका गुणाने पुढे गेलं. रॉन हार्पर ज्युनियरने चेंडू घेतला, दोन-चार ढांगा टाकल्या आणि जवळजवळ मध्यरेषेवरून उडवला. तो आत गेला. ७०-६८. पहिल्या क्रमांकाच्या संघाला रटगर्सने हरवल्याची ही पहिलीच वेळ. आमच्या गुडघ्यांचं वय पाहता आम्ही मैदानावर धावलो नाही, पण तीन पायऱ्या उतरलो. पुढच्या रांगेतले आजोबा उभे राहून रडत होते. ते त्यांनी पाहिलं याचं आम्हाला आजही बरं वाटतं. आता त्यांच्या जागेवर त्यांची नात बसते.

त्या हंगामात पुन्हा यादीत नाव आलं आणि डेटनला नोटर डेमकडून ८९-८७ असं, दुसऱ्या जादा वेळेत, अगदी शेवटच्या क्षणी हरलो. पुढच्या वर्षी, जानेवारी २०२३ मध्ये, पर्ड्यू पुन्हा पहिल्या क्रमांकावर होतं आणि आम्ही त्यांना त्यांच्याच घरी एका गुणाने हरवलं. निर्णायक तीन गुण कॅम स्पेन्सरचे. तरीही मार्चमध्ये समितीने आम्हाला यादीबाहेर ठेवलं. आणि मग कॅम स्पेन्सर कनेटिकटला गेला. २०२४ मध्ये कनेटिकट राष्ट्रीय विजेते झाले. टीव्हीवर तो जाळी कापताना दिसत होता, आणि आमच्या दिवाणखान्यात कुणीच टीव्ही बंद करायला उठत नव्हतं. क्लिफ ओमोरुयी, नायजेरियाहून शाळकरी वयात न्यू जर्सीत आलेला, चार हंगाम आमच्याकडे खेळून शेवटच्या वर्षासाठी अलाबामाला गेला. माइल्स जॉन्सन तर त्याआधीच यूसीएलएला गेला होता. पुढे त्याने बास्केटबॉलच सोडलं, इंजिनियरिंगकडे पूर्ण लक्ष द्यायचं म्हणून. (आमच्या बायका म्हणाल्या, "बघा!")

त्या दिवसांत आम्ही फार चिडलो होतो. निष्ठा उरली नाही, सगळा पैशाचा बाजार, आपण घडवायचं आणि दुसऱ्यांनी न्यायचं, वगैरे. एका शनिवारी जेवणं झाल्यावर हेच चाललं होतं. आमचा मुलगा सुट्टीवर आला होता. तो ऐकत होता, आणि मग अगदी सहज म्हणाला, "बाबा, तुम्ही सगळे पोर्टलमधूनच आलात ना?"

पानं तशीच राहिली. काय उत्तर द्यायचं? आमच्यातले दोघे पुण्याच्या सरकारी इंजिनियरिंग कॉलेजातले. तिथली आमची वर्षाची फी ऐकली तर इथल्या मुलांना ती पार्किंगची पावती वाटेल. ज्यांनी घडवलं त्यांना सोडून आम्ही आलोच की. जास्त पैसे मिळाले, जास्त चांगली प्रयोगशाळा मिळाली, मुलांचं भलं होईल असं वाटलं. तेव्हा आमचे एक प्राध्यापक म्हणाले होते, "जा, पण पत्र टाकत जा." चिडले असतील तर आम्हाला कळलं नाही. कॅम स्पेन्सर तरी आमच्याकडे कुठून आला होता? मेरीलँडच्या लोयोलाहून. तिथेही कुणी म्हातारे बाकावर बसून त्याच्या नावाने बोटं मोडत असतील.

म्हणून राग गेला असं नाही. तो आहेच. पण आता कुणी गेलं की आम्ही त्याच्या नव्या संघाचा एक तरी सामना पाहतो. माहेरी आलेल्या मुलीला सासरचं विचारावं, तसं.

२०२४-२५ ची गोष्ट याहून चमत्कारिक. त्या वर्षी देशातल्या सर्वांत नावाजलेल्या शाळकरी खेळाडूंपैकी दोघे चक्क रटगर्सला आले. जॉर्जियाच्या शाळेतून एस बेली, आणि रॉन हार्पर ज्युनियरचा धाकटा भाऊ डिलन. डिलनचे वडील एनबीएत पाच वेळा विजेत्या संघात होते, पण आम्हाला कौतुक त्याच्या आईचं. ती फिलिपाइन्समध्ये जन्मलेली, लहानपणी अमेरिकेत आलेली, स्वतः कॉलेजात खेळलेली, आणि दोन्ही मुलांना शिकवणारी पहिली प्रशिक्षक तीच. लास व्हेगासला डिलनने एका सामन्यात ३६ आणि दुसऱ्यात ३७ गुण केले. डिसेंबरमध्ये सीटन हॉलविरुद्ध शेवटच्या ठोक्याला तीन गुण टाकून सामना जिंकून दिला. बेलीने इंडियानाविरुद्ध ३९ केले. तरीही हंगामाअखेर पंधरा विजय आणि सतरा पराभव! केनेसॉ स्टेटकडून हरलो, प्रिन्स्टनकडून एका गुणाने हरलो. मोसम संपला तो दोनदा जादा वेळ खेळून. जून २०२५ मध्ये एनबीएच्या निवडीत डिलन दुसरा आणि बेली पाचवा. देशातले पहिल्या पाचांतले दोन आमच्याकडे आणि यादीत नाव नाही. दोन उत्तम गवई एकाच मैफिलीत बसवले म्हणून मैफल रंगतेच असं नाही, तबलजी लागतो, तंबोरा धरणारा लागतो, हे आपल्याला काय नवीन आहे? पण तिकीट काढलेलं असतं ना.

आता पैशाविषयी. राज्याच्या पगारपत्रकात सर्वांत वर गव्हर्नर नाहीत, रटगर्सचे फुटबॉल आणि बास्केटबॉलचे प्रशिक्षक आहेत. खेळांच्या विभागाला दर वर्षी कोट्यवधी डॉलरची तूट येते, आणि ती भरून काढायला विद्यापीठाचाही पैसा जातो, ज्यात आपण भरलेल्या फीचाही वाटा असतो. एप्रिल २०२३ मध्ये तिथल्या प्राध्यापकांनी आणि तात्पुरत्या शिक्षकांनी संप केला, विद्यापीठाच्या २५७ वर्षांच्या इतिहासातला पहिला. जुलै २०२५ पासून विद्यापीठांना खेळाडूंना थेट पैसे देता येतात, सर्व खेळ मिळून एका वर्षात दोन कोटी डॉलरच्या वर. खेळाडूंना ते मिळावेत, याबद्दल आमच्यात दुमत नाही. पण ते कुणाच्या ताटातून, यावर आमच्यात दर महिन्याला भांडण होतं. ज्यांची मुलं अजून शिकताहेत त्यांचा आवाज चढा असतो, आणि तो चढा असावाच. आम्हाला वाटतं, तिकीट काढणाऱ्यानेही हे प्रश्न विचारावेत. जो घरचा नाही तो कशाला विचारेल?

आशा कशाची धरायची? पुन्हा अपराजित हंगाम, अंतिम फेरी, असलं काही आम्ही मागत नाही. घरच्या मैदानावर एखादा पहिल्या क्रमांकाचा संघ येऊन गांगरून जावा. एखादा मुलगा चार वर्षं टिकावा, त्याचा खेळ आमच्या डोळ्यांदेखत मोठा व्हावा, आणि शेवटच्या घरच्या सामन्याला त्याचे आई-वडील मैदानात हातात फुलं घेऊन उभे राहतील तेव्हा आम्हाला उभं राहून टाळ्या वाजवता याव्यात. आणि दोन-तीन वर्षांतून एकदा त्या रविवारी यादीत नाव यावं. बटाटेवड्यांचा बेत अजून व्हायचाच आहे, कारण २०२१ आणि २०२२ मध्ये आम्ही अपशकुन नको म्हणून काहीच केलं नव्हतं.

हंगाम नोव्हेंबरमध्ये, दिवाळीच्या आगेमागे सुरू होतो. येणाऱ्यांनी लाल काहीतरी घालावं, स्वेटर आत घालावा कारण आत उकडतं, आणि गाडी लावायला अर्धा तास आधी निघावं. मुलींच्या सामन्यांना लहान मुलांना जरूर आणावं. आमच्या रांगेत सध्या दोन खुर्च्या रिकाम्या आहेत. आमच्यातलं ईस्ट ब्रन्सविकचं जोडपं मागच्या वर्षी मुलाजवळ राहायला टेक्सासला गेलं. तिथे त्यांनी हंगामाची तिकिटं काढली आहेत असं कळतं. ह्यूस्टनची!

ज्यांना यायचं असेल त्यांनी मंडळाच्या पत्त्यावर कळवावं.